पक्षिनामे आणि ऋतू : ठाणे खाडीतील एका उन्हाळी निरीक्षणाच्या अनुषंगाने

पक्ष्यांच्या मराठी नावांचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी होत आला आहे. एक अंग व्युत्पत्तीचे : नाव संस्कृतातून आले की देशी, ध्वन्यनुकारी आहे की वर्णनपर, त्याचे प्राकृत रूप कोणते, इत्यादी. दुसरे अंग परिभाषेचे : एका जातीस एकच नाव असावे, ते सर्वत्र सारखे असावे, आणि इंग्रजी अथवा शास्त्रीय नावाशी त्याचा मेळ बसावा. हे दोन्ही विचार आवश्यक आहेत. परंतु दोहोंतही एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी की पक्षी वर्षभर एकच असतो, आणि म्हणून त्याचे नाव वर्षभर सारखेच खरे असते. वास्तविक वर्णनपर नाव म्हणजे कोणीतरी, कोठे तरी उभे राहून, वर्षाच्या एका विशिष्ट काळात केलेले निरीक्षण होय. नाव रूढ झाले की निरीक्षक विसरला जातो, त्याचे स्थळ विसरले जाते, आणि ऋतू तर सर्वांत आधी विसरला जातो. प्रस्तुत लेखात या विसरलेल्या ऋतूचा मागोवा घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक कुतूहलाचा नाही. महाराष्ट्रात पक्ष्यांच्या साडेपाचशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्या प्रत्येकीस एकेक प्रमाण मराठी नाव देण्याचे प्रयत्न अलीकडे वेगाने चालू आहेत, आणि संगणकीय नोंदयाद्यांतूनही मराठी नावे वापरात येऊ लागली आहेत. यादी एकदा स्थिर झाली की शाळेची पुस्तके, अभयारण्यांतील फलक आणि वृत्तपत्रे तिचेच अनुकरण करणार. अशा वेळी कोणते नाव कोणत्या निरीक्षणातून आले आहे, हे पाहून घेणे हे भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाचे काम आहे. पक्षिशास्त्रज्ञाकडून ते होईल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

याच हेतूने २०२५ च्या मे महिन्यात, वैशाख वद्य पंचमीस, पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसह आम्ही ठाणे खाडीत सकाळची एक फेरी केली. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ६ ऑगस्ट २०१५ रोजी अधिसूचित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर असून निम्म्याहून थोडा अधिक भाग कांदळवनाचा व उरलेला पाण्याचा आणि उघड्या चिखलाचा आहे. २०२२ मध्ये या पाणथळीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एका बाजूस मुंबईची उपनगरे, दुसऱ्या बाजूस नवी मुंबई, डोक्यावर विजेच्या तारा, अशा स्थळी अभयारण्य असावे याचे प्रथम नवल वाटते. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रापासून होडीने आत जाता येते.

उन्हाळाच का, असे विद्यार्थ्यांनी आरंभीच विचारले. पक्षिनिरीक्षणाचा हंगाम हिवाळा, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे, आणि संख्येच्या दृष्टीने तो योग्यही आहे. उत्तरेकडून येणारे चिखल्या, तुतारी, मालगुजा इत्यादी पक्षी मेच्या मध्यापर्यंत बहुतेक परत गेलेले असतात. मागे राहतात ती त्यांच्यातील काही पोरसवदा पिल्ले, जी पहिल्या वर्षी वीण घालीत नाहीत आणि म्हणून प्रवासाची घाईही करीत नाहीत. परंतु आमच्या कामाला हाच काळ सोयीचा होता. जे पक्षी येथेच राहतात ते या दिवसांत विणीच्या पिसाऱ्यात असतात, आणि जे निघून जाणार आहेत ते निघण्यापूर्वी रंग पालटून घेतात. हिवाळ्यात पाहिलेला पक्षी आणि त्याचे नाव यांची गाठ उन्हाळ्यात पुन्हा घालून पाहिली, तर कोणते नाव टिकते व कोणते उसवते, हे लगेच कळून येते.

खाडीत जावयाचे तर घड्याळापेक्षा तिथी आधी पाहावी लागते. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक तोंडी रीत आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. पंचमीची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, व त्यानंतर सहा तासांनी, दहाच्या आसपास, ओहोटी पूर्ण. रीतीमागील गणित सोपे आहे. तीस तिथींत भरतीची वेळ चोवीस तासांनी पुढे सरकते, म्हणजे प्रत्येक तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटांनी. व्यवहारात ती पंचेचाळीस धरली आहेत. पक्षाच्या शेवटास त्यामुळे पाऊण तासाची तूट येते, आणि खाडीच्या आतल्या टोकास पाणी समुद्रापेक्षा उशिरा चढते. ही दोन्ही अंतरे नाखवा मनातल्या मनात जुळवून घेतो. पंचमीच्या सकाळी सातला निघाले असता होडीस पुरेसे पाणी असते आणि चिखलाचे पट्टे एकेक करून उघडे पडू लागलेले असतात. ओहोटीस आमचा नाखवा ‘सुकती’ म्हणे. ‘ओहोटी’ हा शब्द पाणी मागे हटण्याकडे पाहतो, तर ‘सुकती’ जमीन कोरडी होण्याकडे. पक्षी पाहणाऱ्यास दुसरा शब्द अधिक उपयोगाचा, कारण पक्षी पाण्यामागे जात नाहीत, उघड्या पडलेल्या चिखलावर उतरतात.

चिखलावर पहिल्यांदा दृष्टीस पडले ते बगळे, आणि नावांच्या परीक्षेस तेच सर्वांत उपयुक्त ठरले. ज्याला मराठीत ढोकरी, वंचक किंवा भुरा बगळा म्हणतात, तो पक्षी हिवाळ्यात खरोखरच भुरा, अंगावर रेघा असलेला, चिखलात मिसळून जाणारा असतो. मे महिन्यात त्याची पाठ गर्द किरमिजी होते आणि डोक्यामागे लांब पिसे येतात. तिवरांच्या मुळांशी उभा असलेला असा एक पक्षी दाखवून हा कोण, असे विचारले असता, वर्षभर बगळे पाहिलेल्या विद्यार्थ्यांनीही तो परदेशी पाहुणा असावा असे सांगितले. मग तो उडाला, आणि झाकून ठेवलेले दोन्ही पांढरेशुभ्र पंख उघडले. त्याबरोबर सर्वांनी त्याला ओळखले. येथे दोन नावांतील भेद स्पष्ट दिसतो. ‘भुरा बगळा’ हे नाव आठ महिन्यांचे आहे. ‘वंचक’ म्हणजे फसविणारा; बसला असता दिसत नाही आणि उडाला की निराळाच दिसतो, ही फसवणूक बारमाही आहे. पाठ भुरी असो वा किरमिजी, पंख पांढरेच असतात. ‘वंचक’ हे नाव पुस्तकी आहे, ते कोळीवाड्यात कोणी उच्चारीत नाही, हे खरे. तरी निरीक्षण म्हणून ते अधिक पक्के आहे.

गायबगळ्याचे उदाहरण याहून बोधक आहे. हिवाळ्यात तो पांढरा असतो; विणीच्या काळात त्याचे डोके, मान आणि पाठ नारिंगी होते. मराठीने त्याचे नाव त्याच्या संगतीवरून ठेवले : चरणाऱ्या गुरांच्या पायांशी राहून उठणारे किडे टिपणारा तो गायबगळा. इंग्रजीत आज रूढ असलेले नावही गुरांवरूनच आहे. परंतु तिच्यात पूर्वी त्याला पिवळसर पाठीचा बगळा अशा अर्थाचे नाव होते, आणि हिंदीत त्याला ‘सुरखिया बगला’ म्हणतात. ही दोन नावे विणीच्या रंगावरून पडलेली, म्हणजे वर्षातील काही महिन्यांपुरतीच डोळ्यांना पटणारी. वर्तनावरून दिलेले नाव ऋतूच्या पलीकडे जाते आणि रंगावरून दिलेले नाव ऋतूत अडकते, असा सर्वसाधारण नियम बांधण्याचा मोह येथे होतो. मोह आवरावा, हे बरे. समुद्र बगळ्यात काही पक्षी पांढरे तर काही राखी-काळे असतात, आणि हा भेद ऋतूचा नसून जन्मजात आहे. तेथे रंगावरून दिलेले नाव ऋतूमुळे नव्हे तर निराळ्याच कारणाने फसते. मराठीने येथे रंग सोडून स्थळ धरले, हे तिचे शहाणपण म्हणावयाचे की केवळ योगायोग, ते सांगणे कठीण आहे.

आता भाषांतरित नावांकडे वळू. खाडीवर हिवाळ्यात येणाऱ्या एका कुरवाचे नाव आपल्या याद्यांत ‘काळ्या डोक्याचा कुरव’ असे आहे. हे इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो येतो तेव्हा त्याचे डोके पांढरे असते. डोळ्यामागे एक काळसर ठिपका एवढीच खूण. हा पक्षी ओळखावयास आलेला नवशिका काळे डोके शोधीत राहतो आणि पक्षी त्याच्यासमोर बसून असतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी त्याला मार्चअखेरीस याच खाडीत पाहिले होते, तेव्हा डोक्यावर रंग चढत आला होता. मेच्या फेरीत एकही दिसला नाही. म्हणजे आपल्या किनाऱ्यापुरते बोलावयाचे तर हा पक्षी आपल्या नावास पात्र होतो आणि लागलीच निघून जातो. नाव खोटे नाही. ते युरोपातल्या उन्हाळ्यात, घरट्याजवळ उभे राहून ठेवलेले आहे, इतकेच. (तेथेही डोके काळे नसून गडद तपकिरी असते, ही गोष्ट निराळी. आणि तपकिरी डोक्याचा म्हणून जो दुसरा कुरव आपल्याकडे येतो, त्याच्याशी मग जो घोटाळा होतो, तो मराठीने इंग्रजीकडून व्याजासह घेतला आहे.)

‘केंटिश चिखल्या’ हे याच जातीचे, किंबहुना अधिक टोकाचे उदाहरण होय. केंट हा ब्रिटनच्या आग्नेय टोकाचा परगणा. तेथे हा पक्षी आज नियमितपणे वीणही घालीत नाही. परंतु भारतातील खाजणांवर त्याला त्या परगण्याचे विशेषण लावून हाक मारावी लागते. इंग्रजी नामकरणात अशी ऐतिहासिक अवशेषे पुष्कळ आहेत आणि त्या भाषेपुरती ती शोभतातही. मराठीत ती आणताना इतिहास मात्र मागे राहतो आणि अर्थहीन अक्षरे तेवढी हाती येतात. ‘चिखल्या’ हा त्यातील उत्तरार्ध पाहावा : चिखल अधिक ‘-या’. नाटक्या, टकल्या अशा शब्दांत दिसणारा, माणसाचा एखादा ठळक गुण पकडून त्याला टोपणनाव देणारा हा तद्धित प्रत्यय मराठी पक्षिनामांत मोठ्या प्रमाणावर आढळतो : शेकाट्या, खंड्या, किलकिल्या. आळीतल्या माणसास ज्या सलगीने नाव ठेवावे त्याच सलगीने ही नावे ठेवली गेली आहेत. ‘केंटिश’ आणि ‘चिखल्या’ एका समासात आणून बसविले म्हणजे सरकारी दरवाजा आणि वाड्याची ओसरी एकत्र जोडल्यासारखे होते.

ध्वन्यनुकारी नावांना ऋतूची बाधा होत नाही असे वाटेल, आणि बऱ्याच अंशी ते खरे आहे. टिटवी बारा महिने टिटवीच. संस्कृत टिट्टिभ आणि मराठी टिटवी या दोहोंतही मूर्धन्य ‘ट’ आहे. इंग्रजीभाषक तोच आवाज एका प्रश्नार्थक वाक्यासारखा ऐकतात. पक्षी एकच, परंतु ऐकणारा आपल्या भाषेतील वर्णांच्या चाळणीतूनच ऐकतो. येथे लिंगाचा मुद्दाही ओघाने येतो. टिटवी, घार, तुतारी, ढोकरी स्त्रीलिंगी. बगळा, खंड्या, कुरव पुल्लिंगी. हे लिंग पक्ष्याचे नसून शब्दाचे असते. नर टिटवी ओरडली तरी मराठीत ती ‘ओरडली’च. नोंदवहीत ‘टिटवी नर’ असे लिहिताना विद्यार्थ्यांना जो अवघडलेपणा वाटतो, तो व्याकरण आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवरचा अवघडलेपणा आहे, आणि तो दूर करण्याची काही गरज नाही.

फेरीतील सर्वांत उपयुक्त नोंद मात्र पक्ष्यांविषयीची नव्हे, पक्ष्यांच्या अभावित नावांविषयीची आहे. आमचा नाखवा खाडीवरच्याच कोळीवाड्यातला, साठीच्या घरातला. चिखलावर धावणाऱ्या लहान पक्ष्यांकडे बोट दाखवून एका विद्यार्थिनीने विचारले, “काका, याला तुमच्यात काय म्हणतात?” नाखव्याने क्षणभर पाहिले आणि म्हटले, “तो चिखलातला गं बाय.” थोडे पुढे दुसरा पक्षी दाखविला, तोही चिखलातला. तिसराही. विद्यार्थ्यांच्या तोंडावर निराशा दिसू लागली. तेवढ्यात त्यांच्यापैकी कोणीतरी जाळ्यात काय मिळते असे सहज विचारले, आणि मग बोईट, जिताडा, निवटी, कोळंबी, चिंबोरी अशी नावे त्यांच्या आकारांसह, वयांसह, मिळण्याच्या तिथींसह इतक्या वेगाने येऊ लागली की लिहिणाऱ्यांचे हात पुरेनात.

यावरून कोळ्यांस पक्ष्यांचे ज्ञान नाही असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक होईल. लोकवर्गीकरणाच्या अभ्यासात हा जुना वाद आहे. राल्फ बुल्मर यांनी १९६७ मध्ये न्यू गिनीतील कालाम लोक कॅसोवरीस पक्षी का मानीत नाहीत याची जी मीमांसा केली, तीत वर्गीकरण हे त्या समाजाच्या जीवनव्यवस्थेशी कसे बांधलेले असते हे दाखविले. उलट ब्रेंट बर्लिन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की निसर्गातील ठळक भेद सर्व समाजांच्या डोळ्यांत सारखेच भरतात, उपयोग असो वा नसो; आणि जे जितके ठळक, तितके त्यास स्वतंत्र एकपदी नाव असण्याचा संभव अधिक. ठाणे खाडीवर दोन्ही मतांस आधार सापडतो. बगळा, घार, टिटवी, पाणकावळा, खंड्या यांना नाखव्याजवळ तत्काळ नावे होती; ते मोठे, ठळक अथवा बोलके आहेत, आणि त्यांतील तिघे तर मासे खाण्यात त्याचे भागीदार आहेत. संस्कृतातून आलेले ‘धीवर’ हे खंड्याचे दुसरे नाव कोळी या अर्थाचेच आहे, हे येथे आठवते. चिखलातले लहान पक्षी ठळक नाहीत आणि भागीदारही नाहीत. त्यांस नाव नाही; परंतु त्यांविषयी माहिती आहे. ते कोणत्या पट्ट्यावर आधी उतरतात, पाणी चढू लागले की कोठे जातात, आणि ते उठले म्हणजे घार जवळ आहे हे कसे समजावे, हे सर्व नाखव्याने न विचारता सांगितले. माहिती वाक्यांत होती, नामांत नव्हती. नावांची यादी घेऊन जाणाऱ्या संशोधकास ती रिकामी दिसते, आणि तो रकान्यात रेघ ओढतो. आपल्या बोलीकोशांत अशा रेघा थोड्या नाहीत. संस्कृत टीकाकारांनी ‘पक्षिविशेषः’ असे लिहून जी वाट सोडली, तीच वाट आपणही सोडीत आलो आहोत.

आठच्या सुमारास फ्लेमिंगो दिसले. खाडीत त्यांची मोठी वस्ती १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, प्रथम शिवडीच्या बाजूस, दिसू लागली. अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या काही वर्षी एका लाखावर गेलेली आढळली आहे. बहुसंख्य धाकटे, थोडे थोरले. दोघांची चोच वाकडी असून ती उलटी धरून, पाणी आत ओढून व चाळून बाहेर टाकून ते अन्न वेचतात. धाकटा मुख्यतः नीलहरित शैवालावर जगतो, थोरला चिखलातील बारीक जीवांवरही. अंगावरचा गुलाबी रंग याच अन्नातील द्रव्यांपासून येतो. खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यामुळे शैवाल माजते आणि म्हणून पक्षी येतात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल तर या रंगाचा काही भाग दोन्ही शहरांच्या मोऱ्यांतून आलेला आहे, असे म्हणावे लागेल. पिल्ले राखी असतात आणि रंग चढावयास त्यांना काही वर्षे लागतात. आमच्यासमोरच्या थव्यातही मळकट पक्षी पुष्कळ होते, आणि ही निराळी जात काय, असा प्रश्न झालाच.

या पक्ष्याची नावे पाहू गेले असता सर्व भाषांनी त्याच्या रंगालाच हात घातलेला दिसतो. ग्रीक नावाचा अर्थ लाल पंखांचा. फ्लेमिंगो हा शब्द पोर्तुगीज-स्पॅनिशमार्गे आला असून त्याच्या मुळाशी ज्वाला आहे. मराठी ग्रंथांत ‘रोहित’ आणि ‘अग्निपंख’ अशी दोन नावे आढळतात. ‘रोहित’ म्हणजे तांबडा. ‘अग्निपंख’ या शब्दात पोर्तुगिजांची ज्वाला आणि ग्रीकांचा पंख एकत्र आले आहेत. हे जाणून केले की आपोआप घडले, कोण जाणे. परंतु या नावात एक सूक्ष्म निरीक्षण आहे. थोरला फ्लेमिंगो उभा असता जवळजवळ पांढरा दिसतो. पंखांतील शेंदरी रंग तो उडतो तेव्हाच प्रकट होतो. अमरकोशात राजहंसाचे लक्षण सांगितले आहे ते पांढरे अंग, तांबडी चोच आणि तांबडे पाय असे. उभ्या थोरल्या फ्लेमिंगोस ते बरेच लागू पडते. मात्र एवढ्यावरून राजहंस म्हणजे फ्लेमिंगोच असे ठरविणे धाडसाचे होईल, कारण पट्टकादंब हंसाचे पायही नारिंगी असतात. के. एन. दवे यांनी संस्कृत साहित्यातील पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथात (१९८५) ‘हंस’ हा शब्द अनेक मोठ्या पाणपक्ष्यांना व्यापतो असे दाखविले आहे, आणि तेच सध्या मान्य करणे इष्ट. आपल्या कामापुरता मुद्दा एवढाच : अमरकोशकाराने उभा पक्षी पाहिला, अग्निपंखकाराने उडता. ऋतूप्रमाणे क्षणही नावात गोठून राहतो.

खाडीतले हे पक्षी पावसाच्या तोंडावर गुजरातकडे जाऊ लागतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये सहा फ्लेमिंगोंच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क ठेवणारी यंत्रे बसविली, आणि हा प्रवास नकाशावर उमटला. या सहांना विशेषनामे देण्यात आली. त्यांत सलीम, हुमायूँ व खेंगारजी यांबरोबर ‘नवी मुंबई’ हेही एक होते. कच्छचे महाराव खेंगारजी यांच्या काळात, १८९३ मध्ये, रणातील फ्लेमिंगोंच्या विणीचे स्थळ प्रथम उजेडात आले, त्याचे हे स्मरण. पक्षी येथून निघाला की वाटेत त्याचे नाव बदलते. गुजरातेत तो सुरखाब किंवा हंज होतो. ‘हंज’ हे ‘हंस’ याचेच रूपांतर दिसते, आणि रणातील एका बेटाला हंज बेट असे नावच आहे. ‘सुरखाब’ हा फारसी शब्द हिंदीत मात्र चक्रवाकासाठी वापरला जातो. एकच शब्द दोन शेजारी भाषांत दोन पक्ष्यांवर बसला. दोन्ही तांबूस, दोन्ही पाण्याचे, दोन्ही पाहुणे. शब्दास रंग तेवढा ठाऊक होता, पक्षी ज्याचा त्याने निवडला.

मराठीत आज प्रत्यक्ष बोलण्यात कोणते नाव आहे? नाखवा ‘फ्लेमिंगो’ म्हणाला. अभयारण्याचे अधिकृत नावही तेच. शब्दाने मराठी विभक्ती विनातक्रार स्वीकारली आहे : फ्लेमिंगोंचा थवा, फ्लेमिंगोंना, फ्लेमिंगो आले. तो पुल्लिंगी ठरला आहे, आणि तसे कोणी ठरविलेले नाही. ‘रोहित’ हे नाव मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ‘पक्षिकोशा’च्या (२००२) वाचकास परिचयाचे आहे, तथापि खाडीवर ‘रोहित आले’ असे म्हटले तर ऐकणारा कोणाच्या तरी मुलाची वाट पाहील. आमच्या मते येथे परकी शब्द म्हणून ‘फ्लेमिंगो’स हुसकावण्याचे कारण नाही. हा पक्षी या खाडीत तीस वर्षांपूर्वी मोठ्या संख्येने आला, शब्दही त्याच्याबरोबर आला, आणि ज्यांच्या अंगणात तो उतरतो त्यांनी तो उचलला. ‘काळ्या डोक्याचा कुरव’ हे नाव दिसावयास शुद्ध मराठी, परंतु त्याच्यामागे येथील कोणाचा डोळा नाही. ‘फ्लेमिंगो’ हा दिसावयास परका, परंतु त्याच्यामागे येथील तीस उन्हाळे आहेत. प्रमाण यादी करणाऱ्यांनी शब्दाच्या कुळाबरोबर हा फरकही तोलावा, अशी आमची सूचना आहे. ग्रंथांतील ‘रोहित’ पर्यायी नाव म्हणून राहण्यास काही प्रत्यवाय नाही.

कार्यपद्धतीविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पक्षिनामे गोळा करण्याच्या आमच्या पत्रिकेत आजवर चार रकाने होते : नाव, शास्त्रीय नाव, गाव, सांगणारा. या फेरीनंतर त्यात तिथी, पाण्याची स्थिती (चढते, उतरते अथवा स्थिर), आणि पक्षी बसलेला होता की उडता, असे तीन रकाने घातले आहेत. आणि नाव न मिळाल्यास रेघ न ओढता सांगणाऱ्याचे संपूर्ण वाक्य त्याच्या बोलीत उतरून घ्यावयाचे ठरले आहे. “तो चिखलातला” ही त्या रकान्यातील पहिली नोंद.

दुसरी फेरी भाद्रपदात योजिली आहे. उत्तरेकडून परतणारे चिखल्या व तुतारी त्या वेळी खाडीवर उतरू लागतात, आणि त्यांतील काहींच्या अंगावर विणीचा रंग अद्याप अर्धवट शिल्लक असतो. तो उतरण्यापूर्वी, भाद्रपद वद्य चतुर्थी किंवा पंचमीस सकाळी सातला, होडी ऐरोलीहून निघेल. ज्या विद्यार्थ्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे विभागाकडे द्यावीत, आणि शक्य तर खाडीकाठच्या एखाद्या घरातील वडीलधाऱ्या माणसाशी आधी बोलून यावे.